वणवा टिपणाऱ्या उपग्रहाची आकडेमोड

२०२३ च्या मार्चमध्ये, ऐन काजूच्या हंगामात, म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून डोंगरावर सरकणारी तांबडी रेघ मी रात्रभर पाहिली. रेघ आम्हाला दिसेपर्यंत आग पुष्कळ पसरली होती. तेव्हापासून अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांत पाहणाऱ्या उपग्रहाचा आराखडा मी वहीत मांडतो आहे.

सुरुवातीला माझे सारे लक्ष आरशाच्या आकाराकडे होते. ५०० किलोमीटर उंचीवरून ३० सेंटिमीटर व्यासाचा आरसा दृश्य प्रकाशात साधारण १ मीटरचा तपशील दाखवू शकतो. १० मायक्रॉनच्या अवरक्त तरंगलांबीला मात्र विवर्तनामुळे, म्हणजे आरशाच्या कडांपाशी किरण पसरल्यामुळे, तोच आरसा २० मीटरवर अडतो. आरसा मोठा करावा तर वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. या हिशेबात माझे कित्येक आठवडे गेले.

वणव्यासाठी खरा निर्णय तरंगलांबीचा आहे. कुठल्या तापमानाची वस्तू कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाशते हे सांगणारे प्लांकचे सूत्र घेऊन मी ३०० केल्विनची (सुमारे २७ अंश सेल्सिअस) जमीन आणि ८०० केल्विनची (सुमारे ५२७ अंश) आग यांची तुलना केली, तेव्हा तेवढ्याच क्षेत्रफळाची आग १० मायक्रॉनला जमिनीच्या सुमारे २४ पट तेजस्वी निघाली आणि ४ मायक्रॉनला सुमारे १,८०० पट. हा आकडा मी तीनदा तपासला. याचा अर्थ असा, की ३७५ मीटर बाजूच्या पिक्सेलचा हजारावा भाग, म्हणजे जेमतेम १४० चौरस मीटर रान पेटले, तरी त्या पिक्सेलचा संकेत जवळजवळ तिप्पट होतो.

दिवसा मात्र ४ मायक्रॉनला ऊनही परावर्तित होते आणि मार्चच्या दुपारी जांभ्याचे उघडे सडे चांगलेच तापलेले असतात. म्हणून जोडीला ११ मायक्रॉनचा पट्टा हवाच, कारण खरी आग दोन्ही पट्ट्यांच्या फरकातूनच ओळखता येते. शिवाय संवेदक सुमारे ८० केल्विनपर्यंत (उणे १९३ अंश सेल्सिअस) थंड ठेवावा लागतो, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उष्णतेने निर्माण होणाऱ्या प्रवाहात जमिनीचा संकेत बुडून जातो. लहान उपग्रहाची बरीचशी वीज या थंड करणाऱ्या यंत्रणेलाच लागते.

राहिला प्रश्न वेळेचा. भूस्थिर कक्षेतला, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीएस दर अर्ध्या तासाला चित्र देतो, पण त्याचा अवरक्त पिक्सेल ४ किलोमीटरचा आहे. ध्रुवांवरून जाणाऱ्या खालच्या कक्षेतला एकटा उपग्रह बारकाईने पाहतो, पण दिवसातून दोनदाच येतो. आग ओळखायला बारीक तपशील लागत नाही, फेऱ्या मात्र जास्त हव्यात; म्हणून मी तो मोठा आरसा खोडून टाकला आहे. पुढच्या पानावर आता १० सेंटिमीटर आरशाच्या, जमिनीचा रुंद पट्टा पाहणाऱ्या सहा उपग्रहांच्या कक्षा आखल्या आहेत.