तिघरा, मे महिना आणि बाभळीचा काटा

पहाटे पावणेपाच, ग्वाल्हेरचा महाराज बाडा. (वाड्याचा बाडा ग्वाल्हेरी बोलीनं केव्हाच करून टाकलाय, तक्रार करून उपयोग नाही.) दूधवाले सोडले तर चौक रिकामा. पारा २९ वर. मे महिन्यातला हाच काय तो गारवा. साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो, आठनंतर लू, म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, सुरू होते, आणि तोवर सायकल घरात उभी असली पाहिजे. म्हणजे हातात जेमतेम तीन तास.

सहा-आठ महिने सायकल बंद होती, आता परत दम कमवायचाय, अशांसाठी लष्कर (शहराचा हाच बाड्याचा भाग) ते तिघरा धरण ही वाट आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. एका बाजूनं साधारण वीस-बावीस किलोमीटर, शहराच्या पश्चिमेला. मात्र पहिल्या आठवड्यात धरण गाठायचं नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं जायचं आणि परत फिरायचं, मग भले धरण दिसो न दिसो. उन्हाळ्यात रक्त एकाच वेळी पायांनाही लागतं आणि कातडी थंड ठेवायलाही, त्यामुळे हिवाळ्यातल्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोके जास्त पळते. किलोमीटर मोजणारा इथेच फसतो. बोलता बोलता पूर्ण वाक्य म्हणता आलं पाहिजे. तुटक शब्द येऊ लागले की गिअर हलका करा. रोज थोडं थोडं केलं तर अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की ती बरीचशी जाते.

डांबर सोडून उजाड माळावर उतरलं की खरी सायकल सुरू होते. खाली वालुकाश्माच्या फरश्या, थरावर थर, कडा धारदार. याच दगडानं धरणालाही दगा दिला होता: पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरलं आणि १९१७ च्या पुरात धरण फुटलं. सायकलीला तो वेगळ्या तऱ्हेनं दगा देतो. ट्यूब असेल आणि हवा कमी असेल तर फरशीच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २.२५ इंची टायरमध्ये ट्यूब असल्यास हवेचा दाब ३० ते ३४ पीएसआय, ट्यूबलेस असल्यास २३-२४. पहाटे २४ भरलेली हवा टायर ५० अंशांपर्यंत तापल्यावर जवळजवळ २७ होते आणि सुट्या खड्यांवर पुढचं चाक सटकू लागतं. म्हणून घरून निघताना एक-दोन पीएसआय कमीच ठेवा.

पण या माळाचा खरा मालक विलायती बाभूळ. वाळलेला काटा दोन-तीन सेंटिमीटरचा, लाकडासारखा कडक. ट्यूबलेस टायरमध्ये १०० ते १२० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा पातळ चीक) असेल तर काटा उपसा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवा आणि थोडं थांबा. फसफस होते, पांढरा थेंब बाहेर येतो, भोक बंद. ट्यूबवाल्यांनी उलट करायचं: हवा टिकतेय तोवर काट्याला हात लावायचा नाही, तोच बूच असतो. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. मोडलेलं टोक रबरात रुतून बसलेलं असतं आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. दुसऱ्या पंक्चरचं कारण बहुतेक वेळा हेच. पंक्चरची पट्टी चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात महिन्याभरात आतल्या आत वाळते, तेव्हा पट्ट्यांच्या भरवशावर न राहता दोन नव्या ट्यूब बाळगा. चेनला घट्ट तेल नको, त्याला धूळ चिकटून कानस तयार होते. मेणाचं ल्यूब लावा.

पाणी तासाला पाऊण लिटर. बाटली अर्धी भरून रात्री आडवी गोठवा आणि सकाळी वरून भरा. पूर्ण गोठवलेली ऐन वेळी थेंब देत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकं जड होतं, म्हणून एका बाटलीत मीठ हवंच. लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचं पन्हं पातळ करून नेलं तरी चालतं. लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा मात्र भाजीत घाला, लू त्याला विचारत नाही.

परतीचं एक गणित नवख्यांना कळत नाही. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, दमवतो, पण घाम वाळवतो. येताना तोच वारा पाठीशी. तुम्ही वीसनं चाललात, वाराही वीसचा, म्हणजे अंगाला वारा शून्य. सायकल पळते आणि अंग भट्टी होतं. तेव्हा साफी (सुती पंचा) पाण्यात पिळून मानेभोवती घ्या आणि दर दहा मिनिटांनी भिजवा. सोबतच्याला उन्हात शहारे आले, तो असंबद्ध बोलू लागला, हँडल वाकडं जाऊ लागलं, तर पुढे जायचं नाही. सावली, कपडे सैल, असेल नसेल ते पाणी अंगावर, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. आधी थंड करा, मग हलवा.

गावात शिरताना बेडईच्या (डाळ भरलेल्या पुरीच्या) कढया तापलेल्या असतात. अर्धा तास थांबा, आधी वजन करा. निघतानापेक्षा जितके किलो कमी, तितके लिटर कमी प्यायलात. सायकल गच्चीवर ठेवू नका, उन्हात सीलंट चार-सहा आठवड्यांत वाळून सालपट होतं. आत ठेवा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवून. खाली राहिला तर सीलंट त्यातच गोठतं आणि पुढच्या पहाटे पंप लागत नाही.