निळ्या ताडपत्रीखालचा पिवळा

चवथीला पंधरा दिवस उरले होते आणि सोप्याची भिंत रंगवायची राहिली होती. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात मे महिना सरताना सोप्याच्या पुढ्यात निळी ताडपत्री बांधतो, ती सुटते थेट दिवाळीला. पूर्वी झावळ्यांची झापं असायची. त्यांतून पाऊस यायचा, वारा यायचा, उजेडही यायचा. ताडपत्रीतून पाऊस येत नाही आणि उजेड येतो तो निळा होऊन.

त्या उजेडात बसून आम्ही शेडकार्ड उघडलं. बायकोला चंदनी पिवळा हवा होता. कार्डावरचा चंदनी मला आजाऱ्यासारखा वाटला, म्हणून मी बोट दोन चौकोन खाली सरकवलं. तिथला पिवळा कसा तजेलदार! पेंटर अनुभवी माणूस. “पात्रांव, हाच ना? मग मागाहून बदलायला सांगू नका हां,” म्हणाला. मी नाही म्हटलं. चवथ छान पार पडली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली भिंत शोभून दिसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावाजली.

दिवाळीच्या आदल्या रविवारी ताडपत्री सोडली, आणि शेजारच्या काकींनी गडग्यावरून विचारलं, “भिंतीला हळद लागली काय रे?”

मला छळत राहिली ती वेगळीच गोष्ट. जून ते ऑक्टोबर मी त्याच सोप्यात रोज सकाळी पेपर वाचत होतो आणि पेपर मला पांढराच दिसत होता. निळा उजेड आहे हे कधी जाणवलंच नाही. जाणवायचं ते बाहेर पडल्यावर: विजेचं बिल हातात घेऊन फाटकापर्यंत गेलो की पहिले काही क्षण तो कागद पिवळट, जुनाट वाटायचा. मग आपोआप पांढरा व्हायचा.

खोबरेल आणायला आपण घरून बाटली नेतो तेव्हा दुकानदार आधी रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणतो, मग तेल ओततो. डोळा तेच करतो. भोवतालचा उजेड ही त्याची रिकामी बाटली. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. उजेडात निळा जास्त झाला की निळ्याला जागणाऱ्या पेशी आपली संवेदना उतरवतात, बाकीच्या चढवतात. बराचसा फरक मिनिट-दोन मिनिटांत पडतो, आणि मेंदू वरून आपली पुस्ती जोडतो. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने 1789 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हाच चमत्कार मांडला होता: लाल काचेतून पाहिलं तर लाल कागद अधिक लाल दिसायला हवा, तो उलट पांढुरका दिसतो. फ्रान्सात त्या वर्षी लोकांना इतर उद्योग होते, तरी याला काचेतून कागद बघायला सवड मिळाली याचं मला कौतुक वाटतं.

पण काटा शून्यावर आणला म्हणून बाटलीत नसलेलं तेल येत नाही. आमची ताडपत्री उजेडातला तांबडा-पिवळा भाग बराचसा गिळते. परत फेकायला कार्डाला पिवळा मिळणार कुठून? डोळ्याने जमेल तेवढी भरपाई केली, उरलेली मी केली, दोन चौकोन खाली जाऊन. म्हापशाच्या बाजारात साडी घेताना आई दुकानदाराला न विचारता घडी उचलून दाराच्या उजेडात का जाते, ते मला तेव्हा कळलं.

तरी भोवताल बघून आपला काटा सरकवून घेण्याची डोळ्याची तयारी मोठी. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं, की जराही लालसर किंवा हिरवट नसलेला शुद्ध पिवळा माणूस जिथे दाखवतो, ती जागा जानेवारीत एक असते नि जूनमध्ये जराशी सरकलेली असते. उन्हाळ्यात भोवती हिरवं वाढतं, त्याला डोळा जुळवून घेतो. तिथल्या हिरव्याने एवढं होतं, तर मेमध्ये तांबडी धूळ खाणारे आणि जुलैत हिरव्यात बुडणारे आम्ही ‘पिवळा’ म्हणताना नेमकं काय म्हणतो कोण जाणे.

या सगळ्याचा निवाडा आईने केला. संक्रांतीनंतर तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. पण हे इतकं हळू होतं की काटा रोज थोडा थोडा सरकतो नि माणसाला पत्ता लागत नाही. भिंग बदललं की एकदम निळं जग. पट्टी काढल्यावर तिने पहिली तक्रार केली ती माझ्या वडिलांच्या धोतराची: “एवढी नीळ कोणी घातली?”

मग ती सोप्यातल्या खुर्चीत बसली. आधी डाव्या डोळ्यावर हात धरून भिंतीकडे पाहिलं, मग उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर. औषध घालायची वेळ टळून गेली तरी हाच खेळ. शेवटी म्हणाली, “नव्या डोळ्याला चाफ्याचा गाभा दिसतो, जुन्याला नासलेलं तूप.”

“आणि दोन्ही उघडे ठेवलेस तर?”

“तर तुझा रंग दिसतो,” ती म्हणाली. ही स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही.

शिगम्यानंतर तिचा दुसरा डोळाही झाला. भिंत पुन्हा रंगवायचं ठरत होतं, तेवढ्यात मे संपला. या खेपेला पांढरी ताडपत्री आणायची म्हणून बाजारात गेलो, तर दुकानात निळी होती नि काळी होती. निळीच आणली. बांधून झाल्यावर बायको चहा घेऊन सोप्यात आली, भिंतीकडे बघत दोन घोट घेतले आणि म्हणाली, “मला हाच चंदनी हवा होता.”