बिशान पार्क: कलांग नदीकाठची पाणमांजरं

सिंगापुरात वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून भारतातल्यासारखं पहाटे साडेपाचला धावतपळत पोहोचायची गरज नाही. पण उशीर केलात तर बिशान–आंग मो किओ पार्कात फक्त पळणारी माणसं आणि त्यांची कुत्री दिसतील. बिशान स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, प्रवेश फुकट.

कलांग नदी इथे २.७ किलोमीटरच्या सरळसोट काँक्रीटच्या कालव्यातून वाहायची. तो फोडून २०१२ पर्यंत तिला ३.२ किलोमीटरचं वळणावळणाचं पात्र दिलं. काठ दगडांनी आणि झाडाझुडपांच्या मुळांनी धरून ठेवलेत. भिंत नाही, कठडा नाही. मुठेचे सिमेंटचे काठ पाहत वाढलेल्या पुणेकराला याचंच अप्रूप! प्राणी कुणी आणून सोडले नाहीत, आपले आपण आले.

सगळे येतात पाणमांजरांसाठी. त्यांच्या शोधात पार्कभर भटकू नका. एकेक कुटुंब बराच पल्ला मारतं. इथलं नावाजलेलं कुटुंब तर पुढे खाली, शहराच्या मध्यवर्ती भागातल्या मरिना बेला जाऊन राहिलं. त्यापेक्षा पुलाजवळ बसा आणि बगळ्यांवर नजर ठेवा. उथळ पाण्यात दोन-तीन बगळे घाईघाईने एकाच दिशेने सरकू लागले, की समजा खाली शिकार चालली आहे. उधळलेल्या माशांवर ते टपलेले असतात. आम्हाला तशीच दिसली, पाच-सहा डोकी. काठावर येऊन मासा खाताना काटे मोडल्याचा कुरुमकुरुम आवाज स्पष्ट ऐकू येतो.

गोव्यात चोडणच्या खारफुटीत हेच पाणमांजर माणसाची चाहूल लागताच गायब होतं. इथलं ढिम्म हलत नाही, आणि लोक फोनवर फोटो काढायला अगदी पुढ्यात जातात. पिल्लं बरोबर असली तर ते चावतं. लांबच थांबा, खायला घालू नका.

हिरवळीवर पसरलेली भलीमोठी घोरपड वाटेला जात नाही. तिला वळसा घाला. खंड्या, जांभळा बगळा आणि चतुर यांच्यासाठी मॅरीमाउंट रोडपलीकडच्या तळ्यांकडे जा. तिकडे गर्दी कमी, आणि माझ्या मते पक्षी बघायला तोच भाग बरा. दुर्बीण हवीच.

पाऊस आला की पाणी झपाट्याने चढतं. भोंगा वाजला किंवा दिवे लुकलुकले, तर फोटो अर्धवट सोडून वरच्या वाटेवर या.