भूमितीच्या रचना यूट्यूबवरून शिकवल्या, माझा अनुभव

मी दहावीला गणित शिकवते, मराठी माध्यम. भौमितिक रचना फळ्यावर शिकवताना कायम वाटायचं की मागच्या बाकावरच्या पोरांना कंपासचं टोक नेमकं कुठे टेकलंय तेच दिसत नाहीये, आणि मी मधे उभी असले की पुढच्यांनाही नाही. म्हणून फक्त याच प्रकरणाचे व्हिडिओ करायचं ठरवलं. बीजगणिताची समीकरणं फळ्यावर मस्त होतात, त्याला कशाला व्हिडिओ.

सेटअप साधाच. दोन स्टुलांवर फळी आडवी टाकली, तिच्या कडेला फोन, कॅमेरा सरळ खाली कागदावर. खिडकी डावीकडे ठेवायची म्हणजे हाताची सावली आकृतीवर पडत नाही, आणि पेन्सिल फोनवर फिकी दिसते म्हणून काळं पेन.

पहिली रचना घेतली वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका. केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, लंबदुभाजक काढून मध्यबिंदू मिळवायचा, मध्यबिंदूवर टोक ठेवून केंद्रातून जाणारं वर्तुळ काढायचं, ते मूळ वर्तुळाला दोन जागी छेदतं, ते दोन्ही बिंदू बाहेरच्या बिंदूला जोडले की झाल्या दोन स्पर्शिका. पण असं का होतं हे व्हिडिओत मुद्दाम सांगितलं नाही, फक्त विचारलं की त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला हा कोन किती अंशांचा असेल, इथे व्हिडिओ थांबवा आणि वहीत लिहा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून ती रेषा त्रिज्येला लंब, हे दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनीच सांगितलं पाहिजे ना! ते उत्तर आयतं दिलं की पोरं नुसती बघत बसतात हो.

अपलोड करताना अनलिस्टेड ठेवला म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो. डिस्क्रिप्शनमधे पायरीवार वेळा टाकल्या, पहिली ०:०० च लागते आणि अशा किमान तीन नोंदी लागतात, मग व्हिडिओचे आपोआप भाग पडतात. हे फार कामाचं आहे कारण बऱ्याच घरी फोन एकच, तो वडील कामावरून आले की मिळतो, डेटाही बेताचा, मग पोरांना अडलेली पायरी तेवढीच बघता येते.

वर्गात प्रोजेक्टरवर लावते तेव्हा प्रत्येक पायरीला पॉज, सगळ्यांचं काढून होईपर्यंत पुढे नाही, आणि तेवढ्या वेळात मी बाकांमधून फिरते, फळ्याशी अडकून पडत नाही. आता शंका पण नेमक्या येतात, "मॅडम २:४० ला कंपास किती उघडला?" वगैरे. लंबदुभाजक काढताना केंद्र ते बाहेरचा बिंदू या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त, नाहीतर कंस एकमेकांना छेदणारच नाहीत. पुढचा व्हिडिओ समरूप त्रिकोणाचा करतेय.