हातातून सुटल्यावर

"किल्ल्या टाक जरा," असं खोलीच्या पलीकडून कुणी म्हटलं की आपण जुडगा भिरकावतो आणि समोरचा तो झेलतोही. सगळा अर्ध्या सेकंदाचा मामला. पण नेम थेट त्याच्या तळहातावर धरला असता, तर जुडगा पायाशी पडला असता. कारण अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सव्वा मीटर खाली येते. हात ती सूट आपणहून देतो, नेम तेवढाच वर धरतो. मला विचाराल तर हे गणित मी कधीच केलेलं नाही.

गंमत अशी की जुडगा वर चढतानाही पडतच असतो. बोटांतून सुटला की आपली सत्ता संपली, पुढे फक्त गुरुत्वाकर्षण. आधी चढण्याचा वेग कमी होतो, मग संपतो, मग उतरण्याचा वाढतो. दर सेकंदाला सेकंदामागे 9.8 मीटरचा हा फरक कुठेच थांबत नाही, अगदी माथ्यावरसुद्धा. शाळेत मी माथ्यावरचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य लिहिलं होतं. गुणही तेवढेच मिळाले.

आडवा वेग मात्र या भानगडीत पडत नाही. हवेचा अडथळा सोडला तर तो होता तेवढाच राहतो. म्हणून टेबलावरून जोरात आडवी ढकललेली गोटी आणि त्याच क्षणी काठावरून नुसती सोडलेली गोटी जमिनीवर एकदमच टेकतात. मनाला हे अजूनही पटत नाही. कान देऊन ऐकलं, तर 'टक्' एकच येतो.

टार्टाग्लिया या इटालियन गणितज्ञाने 1537 सालीच सांगितलं होतं की तोफ 45 अंशांवर धरली की गोळा सर्वांत लांब जातो. गोळ्याची वाट मात्र त्याने सरळ रेषा, मग वर्तुळाचा तुकडा, मग पुन्हा सरळ रेषा अशी काढली. ती वाट म्हणजे अन्वस्त, अर्थात पॅराबोला, हे 1638 साली गॅलिलिओच्या पुस्तकातून जगापुढे आलं. दरम्यान शंभर वर्षं तोफा उडतच होत्या.

वेग तोच ठेवला, तर 30 आणि 60 अंशांवर फेकलेला जुडगा त्याच हातात पडतो. 60 वाला हवेत जास्त वेळ राहतो, झेलणाऱ्याला सावरायला सवड मिळते. मला तोच आवडतो. फक्त वर पंखा फिरत नाही ना, एवढं आधी बघून घेतो.