काकांच्या झेनिटची लेन्स आणि हर्णैचं बंदर

काकांच्या जुन्या झेनिट या रशियन फिल्म कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ लेन्स, ५८ एमएम एफ/२ (एफ/२ म्हणजे तिचं अपर्चर, प्रकाश आत सोडणारं छिद्र, जास्तीत जास्त किती उघडतं ते), गेल्या दिवाळीत ट्रंकेत सापडली. चामड्याच्या कव्हरात, आणि तेच वाईट झालं कारण चामडं ओल धरून ठेवतं आणि आपल्या कोकणात तर पावसाळाभर ओलच ओल. टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबईला एका कारागिराकडून उघडून साफ करून घेतली. कोटिंगवर एक पुसट डाग राहिला, पण फोटोत दिसत नाही.

तिचा आटा (कॅमेऱ्यात फिरवून बसवायचा स्क्रू) एम४२ मापाचा, कॅननच्या डीएसएलआरला साधी पातळ रिंग लावली की बसते आणि लांबचंही फोकस होतं. निकॉनवाल्या मित्राने हौसेने तेच करून पाहिलं, त्याला आठ-दहा फुटांपुढचं काहीच शार्प मिळेना. कारण निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरचं अंतर ४६.५ एमएम, एम४२ ला हवं ४५.४६, म्हणजे लेन्स जरा लांबच राहते, तिथे भिंग असलेली रिंग लागते. त्याने सरळ निकॉनचीच जुनी लेन्स शोधावी असं माझं मत.

संध्याकाळी हर्णैला लिलावाच्या वेळी घेऊन गेलो. पाण्यातून बैलगाड्या मासळी घेऊन येतायत, मागे सुवर्णदुर्ग, आणि मी फोकसची रिंग फिरवतोय. ऑटोफोकस नाही, स्क्रीनवर अपर्चरच्या जागी नुसतं ००. व्ह्यूफायंडरमध्ये एफ/२ ला फोकस नेमकं कळतच नाही, म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून पापलेटच्या डोळ्यावर लावलं. पाटीवाल्या मावशी म्हणाल्या, "किती वेळ फिरवतोस रे ते? मासा विकला जाईल माझा!" मग त्यांचाच फोटो काढला. माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरवर ती साधारण ९३ एमएमसारखी दिसते, चेहऱ्याला फार छान. मागचं गोल गोल फिरणारं ब्लर मात्र क्रॉपमध्ये कमीच येतं, त्याची खरी मजा फुल फ्रेमला, म्हणजे फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरला.

आता लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत आत. चामड्याचं कव्हर वेगळं ठेवलंय.

फोटो काकांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "अपर्चर किती होतं?" कॅमेऱ्यात त्याची नोंद होतच नाही, म्हणून मी वहीत लिहून ठेवतो. वही काढून सांगितलं, चार.