मागचं शॅकल, पुढचं स्टिअरिंग

करूळ घाटात वळण काढलं आणि स्टिअरिंग तसंच राहिलं. पूर्वी हात सैल सोडला की तळव्यातून घसरत आपोआप सरळ व्हायचं, आता ओढून आणावं लागत होतं. कागलकडे हायवेला लागलं की तऱ्हा उलटी: शेजारून ट्रक गेला की गाडी झोकांडी खायची.

गाडी २०१४ ची थार. उंच करायचं खूळ माझंच. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई; बोल्ट आवळला की तोंड वर. मागे पाटे. पाट्याचं एकच टोक शॅकलला, म्हणजे चासीशी जोडणाऱ्या हलत्या दुव्याला असतं, म्हणून शॅकल जेवढं लांबवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचा लेथ असल्यावर बाहेरून कोण घेतंय? १०० मिलिमीटर जादा लांबीची शॅकलं मीच कापली, भोकं मारली, बुश ठोकले. मागे ५० मिलिमीटर उचलली, पुढे २५. दिसायला नाद खुळा.

चाकांची अलाइनमेंट केली नव्हती असं नाही. हायवेवरच्या एका दुकानात पोरानं वीस मिनिटांत स्टिअरिंगचे टाय रॉड फिरवले, पैसे घेतले, "झालं" म्हणाला. त्यानं फक्त टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बसवला होता. बाकीचे आकडे चिठ्ठीवर लालच होते आणि मी चिठ्ठी न वाचता डॅशबोर्डात कोंबली. मापात काम करणाऱ्या माणसानं!

दोन महिन्यांनी पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा घासलेल्या दिसल्या. चाकं वरून बाहेर झुकली होती, म्हणजे कॅम्बर पॉझिटिव्ह. घासलेल्या टायरवरनं हात आडवा फिरवला तर एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून करवतीचे दात. म्हणजे टोही हलला होता. आवळलेला बार नंतर बसतो, गाडी थोडी खाली येते, आणि उंची हलली की टो हलतोच.

शेवटी शिरोलीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी मशीन लावायच्या आधी टेप काढला, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मापं घेतली आणि म्हणाले, "मालक, मागनं जरा जास्तच उचललीसा की."

मला आधी पटेना. दुखणं पुढं, दोष मागं कसा? मग सायकलचा चिमटा डोळ्यांपुढे आणला. चिमटा तिरपा म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीत तोच तिरपेपणा म्हणजे कॅस्टर. मागून गाडी उचलली की सगळी चासी पुढे ओणवी होते आणि तिच्याबरोबर कॅस्टरही उभा होतो. मापात मांडलं: फरक २५ मिलिमीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४३०, म्हणजे जवळपास ०.६ अंश. चिठ्ठीवर कॅस्टर डावीकडे १.२ होता, उजवीकडे ०.९. त्यात ०.६ म्हणजे काय थोडं?

रात्रीच दुकानात ५० जादा लांबीची शॅकलं केली. मागे २५ च उरले. कॅस्टर १.८ आणि १.५ वर आला, चाक धरणाऱ्या वरच्या आर्मला हातही न लावता. मग मेस्त्रींनी आर्मच्या बोल्टांमागच्या पातळ पट्ट्या बदलल्या. दोन्ही बोल्टांमागे सारख्या बदलल्या तर कॅम्बर हलतो, पुढेमागे कमीजास्त केल्या तर कॅस्टर. हे झाल्यावर सगळ्यात शेवटी टो, कारण पट्टी हलली की टो पुन्हा जातो. दुपार गेली. मध्ये दोनदा चहा झाला आणि एकदा ते गाडी खाली घेऊन, हलवून, परत मोजायला लागले तेव्हा मला वाटलं, आज काही सुटका नाही.

आता कॅस्टर दोन्हीकडे २.४ च्या आसपास आहे. घाटात स्टिअरिंग परत येतं. फक्त उभ्या गाडीत जरा जड लागतं, महाद्वार रोडला गाडी लावताना बायको ते दर वेळी बोलून दाखवते.